मदत हवी आहे: थेट बसचे दोन तुकडे केले, माहितीच्या अधिकारात नेमकं काय मागू?

मंडळी, आमच्या भागातून स्टेशनला जाणारी थेट बस गेल्या महिन्यात बंद झाली. आता चौकात उतरून दुसरी पकडायची. थांब्यावर जुना नंबर तसाच आहे, त्यावर खडूने फुली मारलीय, एवढीच काय ती सूचना!

बदली करायला लावणं मुळात चुकीचं नाही, हे मलाही पटतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने 2015 मध्ये बसमार्गांचं अख्खं जाळं एका रात्रीत बदललं, पण तिथे मुख्य मार्गांवर फेऱ्या वाढवल्या. दर दहा मिनिटांनी बस असेल तर सरासरी पाचच मिनिटं थांबायचं. आमच्या चौकात मी आठ दिवस दुधाच्या कॅलेंडरमागे वेळा टिपल्या: दोन बसमधलं अंतर कधी 22 मिनिटं, कधी 40. आईचे गुडघे, त्यात चौकात ना शेड ना बाकडं. कंडक्टर म्हणतो, "मागची रिकामी आहे, काकू." मागची येते कुठे?

महाराष्ट्रात अर्ज साधारण 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून, हे माहीत आहे. त्यात नेमकं काय मागू? थांब्यानुसार तिकीटविक्री, रद्द झालेल्या फेऱ्या, की मार्ग बदलाची टिपणी? तिकीट मशीनचा डेटा कुणाला मिळालाय का? मिळाला असेल तर अर्जाचा मजकूर इथेच टाका प्लीज, शनिवारी सोसायटीत सह्या घ्यायच्यात.