मदत हवी आहे: होल्डन मुलांना सांभाळायच्या लायकीचा आहे का? (अर्जंट)

झोपमोड:
उद्या सकाळी ८०० शब्द द्यायचेत आणि मी दुपारपासून पहिल्याच वाक्यावर अडकलेय. होल्डनला कड्यावरून पडणारी मुलं पकडायचीत, ठीक आहे, पण तो त्या लायकीचा आहे का? मला वाटतं नाही, पण सरांना पुरावे लागतात. गूगल कर म्हणू नका, केलंय.

कोपऱ्यातला:
कोण होल्डन? कसला कडा? पिक्चर आहे की गेम?

बटवा:
मुलाचं वय किती? १६-१७ची पोरं मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात, धाकटं गॅसपाशी पोचलं तरी पत्ता नसतो. आधी तासभर ठेवून बघा, मग ठरवा.

झोपमोड:
अहो काकू, पुस्तकातला आहे तो!! सॅलिंजरचं 'द कॅचर इन द राय'. मला वाटलं नावावरून कळेल.

शेरेबाज:
मग त्यात काय एवढं. पाचातले चार विषय नापास, शाळेतून डच्चू, मग न्यूयॉर्कमध्ये दारू, सिगारेटी आणि भेटेल त्याला थापा. बहिणीसाठी घेतलेली रेकॉर्डसुद्धा पिऊन फोडतो. ज्याला एक तबकडी धड घरी नेता येत नाही तो मुलं काय झेलणार! विषय संपला.

रानवाट:
संपला कसा? फुटलेले तुकडे तो खिशात घालून नेतो आणि १० वर्षांची फीबी म्हणते दे, मी ठेवते जपून. हे वाचलंत की गाळलंत? तिच्या शाळेच्या भिंतीवरची शिवी हाताने पुसतो, का, तर बारक्या पोरांनी वाचू नये म्हणून.

शेरेबाज:
आणि दुसरी शिवी चाकूने कोरलेली निघते, ती पुसली जात नाही. मी तेच म्हणतोय.

रानवाट:
तुम्ही नाही तेच म्हणत. त्याचा धाकटा भाऊ ॲली ल्युकेमियाने गेला, तेव्हा हा १३ वर्षांचा, त्या रात्री गॅरेजच्या सगळ्या काचा मुठीने फोडल्या यानं. ज्याला पकडता आलं नाही त्याच्यासाठी रचलेलं स्वप्न आहे ते, नोकरीचा अर्ज नाही.

कोपऱ्यातला:
रच्याकने, कॅचरला मराठीत काय म्हणाल? 'झेल्या' म्हटलं की क्रिकेट आठवतं. आणि गंमत म्हणजे पुस्तकाचं नाव ज्या गाण्यावरून आलंय, त्या कवी रॉबर्ट बर्न्सच्या ओळीत 'भेटलं तर' असं आहे, होल्डनने 'पकडलं तर' ऐकलंय, फीबी त्याला तिथल्या तिथे सांगते.

झोपमोड:
हे घेते! अख्खं स्वप्न चुकीच्या ऐकलेल्या ओळीवर. अजून??

निवांत:
शेवटचं मेरी-गो-राउंड. सगळी मुलं फिरता फिरता बाजूची सोनेरी कडी धरायला वाकतात, फीबीपण, ती घोड्यावरून पडेल अशी याला धास्ती, तरी हा बाकावर गप्प बसून राहतो, पडली तर पडली. तिथे त्याने आपणहून ते काम सोडलं असं मी समजतो. पण सरांचा प्रश्न शब्दशः काय आहे ते टाक बरं.

झोपमोड:
थांबा, फोटो काढलाय... 'होल्डनलाच पकडणारं कोणी आहे का? चर्चा करा.' अय्यो. मी उलटंच वाचलं.

निवांत:
मग फीबीपासून सुरू कर. तो घर सोडून पश्चिमेकडे निघालेला, ही त्याच्यासोबत जायचं म्हणून जुनी सुटकेस फरफटत आणते, आणि त्याचं जाणं तिथेच रद्द.

बटवा:
म्हणजे लहान बहीणच सांभाळते की त्याला. बरं, झोप आता बाळा.

शेरेबाज:
रेकॉर्ड फुटली ती फुटलीच.