मदत हवी आहे: आत्यासाठी डिमेन्शिया केअर होम, आणि तिच्याच पैशाला लागलेलं कुलूप (ठाणे / नवी मुंबई)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, लिहायची वेळ आत्ता आली. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी आत्या ८१ वर्षांची. लग्न केलं नाही. नौपाड्यात तिचा स्वतःचा वन-बीएचके, ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका. आई नोकरी करायची, त्यामुळे माझं अर्धं बालपण आत्याच्याच घरी गेलं. तीन वर्षांपूर्वी तेच तेच विचारणं सुरू झालं, ते आम्ही वयावर ढकललं. मग एकदा गोखले रोडवर, घरापासून दोन गल्ल्यांवर, तिने रिक्षा केली आणि "शाळेत सोड" म्हणाली. शाळा सुटून २३ वर्षं झाली. रिक्षावाला भला, तिच्या फोनवरून त्याने मला कळवलं. न्यूरोलॉजिस्टने बी-१२, थायरॉइड, एमआरआय सगळं करून घेतलं. अल्झायमर्स (डिमेन्शियाचाच एक प्रकार), मधला टप्पा. डोनेपेझिल चालू आहे, पण गोळीने आजार थांबत नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

दिवस बरा जातो. साडेपाच वाजले की पर्स काखोटीला मारून, चपला घालून दाराशी उभी. "घंटा झाली, पोरं सुटली, मला निघू दे." अडवलं की चिडते. मागच्या महिन्यात सांभाळणाऱ्या बाईच्या दंडावर वळ उठेल इतक्या जोरात चिमटा काढला. बाई गेली. चार महिन्यांत ही पाचवी. चोवीस तासांच्या बाईला बाया पुरवणाऱ्या ब्युरोने महिना २७,००० सांगितले, ब्युरोचं कमिशन वेगळं, बाईचं जेवणखाण आपलं. शिवाय प्रत्येक नवा चेहरा म्हणजे आत्यासाठी घरात शिरलेली परकी बाई. मी कासारवडवलीला राहते, नोकरी आहे, सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. घोडबंदर रोडवरून रोज नौपाडा गाठणं म्हणजे काय, ते ठाणेकरांना सांगायला नको.

म्हणून केअर होम बघायला लागले. सोसायटीतले एक काका "सरळ ठाण्याला न्या" (म्हणजे मेंटल हॉस्पिटलात) म्हणून गेले आणि मग स्वतःच ओशाळले, कारण आम्ही ठाण्यातच राहतो.

तीन ठिकाणं पाहिली. नावं लिहीत नाही. बदलापूरकडचं स्वस्त, महिना २२,०००. पण बारा जणी एका हॉलमध्ये, सगळ्यांना एकाच कापडाचे गाऊन, टीव्ही मोठ्याने लावलेला आणि एकीचंही लक्ष टीव्हीकडे नाही. घोडबंदरला एक बंगला आहे, चकाचक. ४८,००० आणि दीड लाख डिपॉझिट. करारपत्र घरी आणून वाचलं तर डायपर, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट, हॉस्पिटलात सोबतीला माणूस, सगळं वेगळं. अंथरुणाला खिळल्यावर दर वाढणार, किती ते लिहिलेलं नाही. आणि "वर्तन इतरांना त्रासदायक ठरल्यास ४८ तासांत नातेवाइकांनी घेऊन जावे." आत्याचं वर्तन संध्याकाळी त्रासदायकच असतं, त्यासाठीच तर तुमच्याकडे आणतोय ना? तिसरं पनवेलजवळ, ३८,०००. साधी इमारत, रंग उडालेला. पण तिथल्या मावशीने पैशांच्या आधी विचारलं, "घरी त्यांना काय म्हणून हाक मारतात?" मी म्हटलं, बाई. शाळेत बाईच म्हणायचे. तिने ते वहीत लिहून घेतलं. माझा कल तिकडे आहे. पण एका वाक्यावर भाळून आयुष्याचा निर्णय घ्यायचा नाही, एवढं कळतं.

आता खरी गोची. पैसे आहेत. पेन्शन ३४,०००, एफडी १८ लाखांच्या आसपास, फ्लॅट तिच्या नावावर. पण सगळं एकटीच्या नावावर. एफडीला नॉमिनी माझे वडील, ते चार वर्षांपूर्वी गेले. नॉमिनी म्हणजे सही करू शकणारा माणूस, असा माझा इतके दिवस समज होता. मागच्या आठवड्यात तिला बँकेत नेलं. स्लिपवर सहीच्या जागी तिने सुवाच्य अक्षरात "इयत्ता चौथी ब" लिहिलं. काउंटरवरचा मुलगा हसला नाही. हळूच स्लिप परत दिली, म्हणाला, "मॅडम, साहेबांना भेटा." साहेब म्हणाले, गार्डियनशिप आणा, म्हणजे कोर्टाकडून पालक नेमून घ्या. कोर्ट नाक्यावरचे एक वकील म्हणाले, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून टाकू, अंगठा घेऊ, हाय काय अन् नाय काय.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला गेल्या वर्षी फोनवर चेहरा दाखवून झाला. पण त्याने पेन्शन खात्यात जमा होते, बाहेर येत नाही. चार महिने खर्च मी करतेय. पुण्याचा भाऊ निम्मा देतो. न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो, पैसे पाठवतो पण होममध्ये टाकू नका. (टाकू नका! सामान आहे का ती?)

तेव्हा तीन गोष्टी सांगा. पैसे कायदेशीरपणे कसे सुटतील? मेडिक्लेम, आयुष्मान, इन्कम टॅक्स यातून काही मिळतं का? आणि होम निवडताना तुम्ही काय पाहिलंत? ज्यांनी घरीच सांभाळलं त्यांनीही लिहा, फक्त "आमच्यात असं करत नाहीत" हे नको. ऐकून झालंय.

प्रतिसाद: निवृत्त_बँकवाला

अंगठ्याच्या भानगडीत पडू नका. रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी हवा. पण ती सोय हात चालत नसलेल्यांसाठी. समज गेलेल्या माणसाचा अंगठा घेणारा अधिकारी स्वतःची नोकरी पणाला लावतो. तुमच्या शाखेतले साहेब नियमाने वागले. आणि हो, नॉमिनीचा संबंध खातेदार गेल्यावर येतो, आधी नाही. इतर वाचकांनो, आज घरी जा आणि आईवडिलांची खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (जोडखातं, दोघांपैकी कोणाचीही सही चालते) आहेत का बघा.

प्रतिसाद: कोर्टाचीपायरी

कुलमुखत्यारपत्र अजिबात नको. देणाऱ्याला कळत असेल तरच ते वैध, आणि आधी केलेलं असलं तरी देणाऱ्याची समज गेली की अधिकार संपतो. करार कायदा १८७२, कलम २०१. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' उपचारांपुरता, मालमत्तेसाठी नाही. अशा प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घेतात. न्यूरोलॉजिस्टचं सर्टिफिकेट, सगळे रिपोर्ट, मालमत्तेची यादी, खर्चाचा हिशोब, आणि भाऊ-चुलतभावांची संमतीची प्रतिज्ञापत्रं. न्यायालय सरकारी डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊ शकतं. तुम्ही आत्तापर्यंत घातलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवा. न्यू जर्सीच्या भावाला सांगा, पैसे नकोत, सही पाठव.

रिव्हर्स मॉर्गेज (राहतं घर तारण ठेवून बँकेकडून पैसे घेणं) कोणी सुचवेल, पण तिथेही मालकाची समजून केलेली सही लागते. फ्लॅट भाड्याने देतानाही तेच. आधी पालकत्व, मग बाकीचं.

प्रतिसाद: नेरूळची_सून

सासूबाईंच्या डिमेन्शियाला सात वर्षं झाली, पाच घरी, दोन होममध्ये. पैशांचं आधी. मेडिक्लेम आणि ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड (५ लाख) दोन्ही हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचं. राहण्या-सांभाळण्याचा महिन्याचा खर्च त्यात बसत नाही. कार्ड तरी काढून ठेवा, पडून हाड मोडलं तर लागेल. टॅक्समध्ये ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाच्या वजावटीत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी) डिमेन्शिया आहे, जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना उपचारखर्चावर १ लाखापर्यंत वजावट. पण भाची म्हणून तुम्हाला नाही मिळणार, आत्याच्या स्वतःच्या रिटर्नमध्येच.

होमबद्दल: सकाळी अकराला दाखवतील ते बघू नका. न सांगता संध्याकाळी सहाला जा, खरं होम तेव्हा दिसतं. रात्री किती जणींमागे किती माणसं, ते विचारा. माणूस जागं असतं की तिथेच झोपतं, तेही. संडासचं दार आतून बंद होतं का आणि बाहेरून उघडता येतं का? अचानक जास्त बिथरल्या तर आधी लघवी तपासतात की सरळ झोपेची गोळी देतात? सासूबाई एकदा दोन दिवसांत भलत्याच बिघडल्या, निघालं युरिन इन्फेक्शन. आणि एक महिना ट्रायल मागा. जे देत नाहीत ते ठिकाण सोडा.

तोवर, साडेपाचला दार अडवण्याऐवजी हातात वह्यांचा गठ्ठा आणि लाल पेन देऊन बघा. एआरडीएसआय ही अल्झायमर्सवर काम करणारी जुनी संस्था, त्यांची मुंबई शाखा आहे. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कोर्ट नाक्यावरच्या वकिलांना नाही म्हणून कळवलं. न्यू जर्सीला संमतीच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा गेला, तिकडून अजून नुसतीच निळी टिक.

काल संध्याकाळी पावणेसहाला पनवेलला न सांगता गेले. दोन जणी रडत होत्या, एक मावशी एकीचा हात धरून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. रात्री अठरा जणींमागे दोन माणसं, त्यातलं एक जागं. ट्रायलला तयार आहेत, पण डिपॉझिट आधी हवं म्हणतात. यावर कोणी घासाघीस केली आहे का?

लाल पेन चाललं. सव्वासातपर्यंत दाराकडे फिरकली नाही. वह्या कमी पडल्या म्हणून महावितरणचं बिलही तपासलंय. शेरा: अक्षर सुधारा.