फाइलमध्ये वळवलं की एकच प्रिंटएफ दोनदा कसं छापतं?

मिरजकर_टीवाय
टीवाय कॉम्प्युटर, सांगली. ओएसच्या प्रॅक्टिकलला फोर्कचा साधा प्रोग्राम होता. आधी प्रिंटएफने ‘सुरुवात’ छापायचं, शेवटी बॅकस्लॅश एन आहे. मग एकदा फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) जोडीला दुसरी प्रत; मूळ तो पेरेंट, प्रत ती चाइल्ड. मग चाइल्ड छापतं ‘मी चाइल्ड’, पेरेंट वेट करून छापतो ‘मी पेरेंट’. (मोबाइलवर आहे, म्हणून कोड तोंडीच.)

टर्मिनलवर तीन ओळी येतात. जर्नलला लावायला म्हणून आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर चार! सुरुवात, मी चाइल्ड, परत सुरुवात, मी पेरेंट. कोडला हातही लावलेला नाही. सर म्हणाले कंपायलर खराब झाला असेल, परत टाक. टाकला. तेच. चाइल्ड मेनच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतं का? मग टर्मिनलवर तीनच का? बुधवारी एक्स्टर्नल आहेत, डोकं चालेना झालंय.

कंदी_पेढा_सातारा
पहिल्यापासून नाही रे. फोर्क जिथून परततो तिथूनच दोघं पुढे जातात. चाइल्डला 0 मिळतो, पेरेंटला चाइल्डचा पीआयडी, म्हणजे प्रोसेस नंबर. घोळ बफरचा आहे. चाइल्डच्या शेवटी साध्या एक्झिटऐवजी अंडरस्कोर-एक्झिट लाव, विषय संपला.

दिवाणजींची_पोर
पेढेवाले, निदान बरोबर, औषध चुकलं. त्यावर येते.

मिरजकर, कंपायलरला उगाच त्रास दिलास. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तीस वर्षं दिवाणजी होते. सौदे चालू असताना ते पोत्यांच्या थप्पीजवळ उभे राहून कच्च्या चोपडीत टिपत जायचे. पक्की वही, म्हणजे रोजमेळ, आत शेठच्या गादीजवळ. दर पोत्याला आत जाऊन रोजमेळात लिहायचं म्हटलं तर सौदे संध्याकाळपर्यंत संपायचे नाहीत. म्हणून पान भरलं की एकदम उतरवायचं.

प्रिंटएफ म्हणजे ही कच्ची चोपडी. ती तुझ्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असते, सी लायब्ररी सांभाळते, आणि कर्नलला, म्हणजे ओएसच्या गाभ्याला, तिचा पत्ताच नसतो. रोजमेळात उतरवणं म्हणजे राइट हा सिस्टिम कॉल. दर वेळी कर्नलमध्ये जाऊन येण्याला खर्च पडतो, तो वाचवायला हा बफर.

आता टर्मिनल आणि फाइल यांतला फरक. टर्मिनलसमोर माणूस बसलेला असतो, विक्रीच्या हिशेबाची पट्टी मागायला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यासारखा. त्याला ताटकळत ठेवून चालत नाही, म्हणून लायब्ररी ओळ संपली, बॅकस्लॅश एन दिसला, की लगेच उतरवते. फाइलसमोर कुणी बसलेलं नाही. तिथे बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत ती थांबते. माझ्या लिनक्सवर हा बफर 4096 बाइटचा असतो. तुझा ‘सुरुवात’ त्यात कुठच्या कुठे हरवला.

आणि नेमक्या त्या क्षणी तू फोर्क केलास. फोर्क प्रोसेसची मेमरी जशीच्या तशी दुसऱ्याला देतो, न उतरवलेल्या चोपडीसकट. आता दिवाणजी दोन, चोपड्या दोन, दोन्हींत ‘सुरुवात’ लिहिलेलं. दोघांनी आपापली ओळ खाली जोडली आणि संपताना दोघांनीही इमानदारीत रोजमेळात उतरवलं. टर्मिनलवर मात्र फोर्कआधीच चोपडी कोरी झाली होती.

सरळ उपाय: फोर्कच्या आधी एफफ्लश करून चोपडी रिकामी कर. अंडरस्कोर-एक्झिट लावलंस तर चाइल्ड चोपडी न उतरवताच घरी जातं, म्हणजे जादाचा ‘सुरुवात’ जाईल, पण त्याच्याबरोबर ‘मी चाइल्ड’सुद्धा जाईल. करून बघ.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, एसट्रेसला (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) ‘-एफ’ लावून चालव, म्हणजे चाइल्डचेही दिसतील. टर्मिनलवर राइट तीनदा दिसेल, एकेक ओळ. फाइलला दोनदाच, पण प्रत्येकात दोन ओळी.

कंदी_पेढा_सातारा
एक्झिटचं मान्य, गडबड केली. पण ताई, लिनक्समध्ये फोर्क मेमरी कॉपी करतच नाही ना? कॉपी-ऑन-राइट असतं. मग चोपड्या दोन कशा?

दिवाणजींची_पोर
चांगली शंका. फोर्कच्या वेळी खरंच झेरॉक्स निघत नाही. दोघांची पेज टेबल्स (मेमरीचं कुठलं पान कुठे आहे त्याचे तक्ते) त्याच पानांकडे बोट दाखवतात, फक्त ती पानं ‘लिहायला बंदी’ करून ठेवलेली असतात. चाइल्डने ‘मी चाइल्ड’ जोडायला पेन टेकवलं की पेज फॉल्ट होतो, म्हणजे काम अडून कर्नलकडे जातं, आणि तेव्हा कर्नल तेवढ्याच पानाची प्रत काढून देतो. प्रत उशिरा निघाली म्हणून आधीचा मजकूर बदलतो थोडाच?

दुसरा प्रश्न तुम्ही कुणी विचारला नाहीत, मला मात्र एका इंटरव्ह्यूत विचारला होता आणि मी गप्प बसले होते. दोघांनी एकाच फाइलमध्ये लिहिलं, तर एकाचं दुसऱ्यावर का नाही पडलं? कारण रोजमेळ एकच. फाइल फोर्कच्या आधी उघडलेली होती, त्यामुळे कुठपर्यंत लिहिलंय ती खूण कर्नलमध्ये दोघांची मिळून एक असते. चाइल्डने तीच फाइल नंतर स्वतः वेगळी उघडली असती, तर खूण वेगळी, आणि मग ओळीवर ओळ चढली असती.

जाता जाता, चोपडीचा तोटाही लक्षात ठेवा. किल -9 आला, म्हणजे प्रोसेस जागीच मारली, की बफरमधलं सगळं गेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागात आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हा बाबांनी घरी आणलेली चोपडी लगदा झाली. रोजमेळात उतरलं होतं तेवढंच राहिलं. बाबा नंतर आठवडाभर शेतकऱ्यांना फोन करून आकडे विचारत होते. प्रोसेसला ती सोय नाही. आणि राइट झालं म्हणजे डिस्कवर गेलं असंही समजू नका. तो मजकूर आधी कर्नलच्या पेज कॅशमध्ये असतो. वीज जाऊनही टिकायला हवा असेल तर एफसिंक.

मिरजकर_टीवाय
ताई, एसट्रेस लावला. राइट दोनदाच, दोन-दोन ओळी, अगदी तुम्ही म्हणालात तसं. मग हौस म्हणून ‘सुरुवात’नंतर ओळीने तीन फोर्क टाकले. टर्मिनलवर ‘सुरुवात’ एकदा, फाइलमध्ये मोजले तर आठ. पहिल्या फोर्कआधी एफफ्लश टाकल्यावर फाइलमध्येही एकच.

अंडरस्कोर-एक्झिट पण करून बघितलं. चाइल्ड गायब.

सरांना दाखवलं. म्हणाले, हे दोन्ही आउटपुट जर्नलला लाव. लॅबचा प्रिंटर सोमवारपासून बंद आहे, हाताने लिहीत बसलोय.