प्रतिसाद : चिकित्सक म्हणजे टीकाखोर नव्हे
इतिहासात पदवी घेतल्यावर मानवशास्त्राकडे वळावे का, आणि त्यातला ‘चिकित्सक’ दृष्टिकोन म्हणजे नुसती टीका तर नव्हे, ही आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर मला माहितीपत्रकांपेक्षा गोव्यातच अधिक नेमके सापडते.

गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींच्या यादीत २००३ मध्ये समावेश झाला. धनगरांची तीच मागणी मात्र रेंगाळली. जमात ओळखण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या १९६५ च्या लोकूर समितीने मांडलेली आदिमतेची चिन्हे, भौगोलिक अलिप्तता, परक्यांशी मिसळण्याचा संकोच ही लक्षणे वसाहतकालीन मानवशास्त्राच्या मुशीतली आहेत, आणि स्वतःला ‘आदिम’ सिद्ध केल्याशिवाय हक्क मिळू नये अशी विचित्र अट त्यांतून उभी राहते. समाज या मोजपट्टीत बसतो का, हे पाहण्यापूर्वी मोजपट्टी कोणी, कशासाठी आखली हे विचारणे म्हणजे चिकित्सा.

आंतरविद्याशाखीयतेचेही, म्हणजे अनेक विद्याशाखांची सांगड घालून अभ्यास करण्याचेही, तसेच आहे (हा शब्द हल्ली फारच स्वस्त झाला आहे). खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या शेतीचा, अभ्यास करायचा तर बांध आणि मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) होणारी भरती-ओहोटीच्या पाण्याची ये-जा समजली पाहिजे, कोमुनिदादींची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या ग्रामसंस्थांची, पोर्तुगीज राजवटीतली १९६१ ची संहिता वाचता आली पाहिजे आणि त्यासाठी पोर्तुगीज भाषाही हवी. तेव्हा मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी त्यात भाषा शिकण्यास आणि दीर्घ क्षेत्रकार्यास किती वेळ देतात, एवढे अवश्य विचारून घ्यावे.