जुन्या ट्रॅक्टरचा डायनामो बॅटरी चार्ज करत नाही: दोष कुठे शोधावा?

प्रश्न

माझ्याकडे 1950च्या दशकातला 12 व्होल्टचा ट्रॅक्टर असून त्यावर मूळचा डायनामो (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) आणि कटआउटसह (डायनामो बॅटरीला जोडणारा व तोडणारा आपोआप चालणारा स्विच) रेग्युलेटरचा (व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा) डबा अजूनही आहे. जुनी बॅटरी निकामी झाल्यामुळे मी अलीकडेच नवी बॅटरी बसवली आणि तेव्हापासून चार्जिंग बंद पडले आहे. इंजिनाचा वेग वाढवला की चार्जिंगचा लाल दिवा विझण्याऐवजी अधिकच प्रखर होतो, रेग्युलेटरच्या डब्यातून टिकटिक आवाज येतो आणि अँमीटरची (प्रवाहमापकाची) सुई थरथरते. बेल्टचा ताण योग्य आहे आणि कार्बन ब्रशही नवे आहेत. आता रेग्युलेटर बदलावा, की डायनामो काढून सरळ अल्टरनेटर (आजच्या गाड्यांतला डायोड असलेला जनित्र) बसवावा?

पहिले उत्तर

काहीही विकत घेण्याआधी डायनामो एकटा तपासावा. त्याच्या ‘डी’ (निर्मित वीज बाहेर देणारे) आणि ‘एफ’ (फील्ड कॉइलचे) या टर्मिनलांवरच्या दोन्ही वायरी काढून ती टर्मिनले एका तारेने एकमेकांना जोडावीत आणि ती जोडणी व ट्रॅक्टरची बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. इंजिन सुरू करून वेग अगदी सावकाश वाढवल्यास व्होल्टेज न अडखळता चढत गेले पाहिजे. ते 20 व्होल्टच्या आसपास पोहोचताच थांबावे, कारण या अवस्थेत डायनामोवर रेग्युलेटरचा लगाम नसतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर पाहावेत. व्होल्टेज अर्ध्या-एक व्होल्टवर अडकत असेल तर फील्ड कॉइलवर (चुंबकीय क्षेत्र तयार करणारी स्थिर कॉइल) आणि चार-पाच व्होल्टवर अडकत असेल तर आर्मेचरवर (फिरणारा, वीज निर्माण करणारा भाग) संशय घ्यावा. या चाचणीत डायनामो उत्तीर्ण झाला, तरच रेग्युलेटरकडे वळावे.

दुसरे उत्तर

वरील चाचणी योग्यच आहे. मात्र ती करताना आकड्याइतकेच त्याच्या चिन्हाकडेही लक्ष द्यावे. आपण सांगितलेली लक्षणे वाचून मला वाटते की दोष कोणत्याही सुट्या भागात नसून नव्या बॅटरीच्या जोडणीत आहे. त्या काळातल्या अनेक ट्रॅक्टरांमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे; फर्ग्युसन टीई-20 आणि 6 व्होल्टचा फोर्ड 8एन ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. आजच्या सवयीने आपण ऋण टोक बॉडीला जोडले असेल, तर डायनामोला त्याचा पत्ता लागलेला नाही. त्याची दिशा पोलादी गाभ्यात शिल्लक राहिलेल्या चुंबकत्वावर ठरते आणि ते चुंबकत्व अजून जुन्याच दिशेचे आहे.

लाल दिव्याचे एक टोक बॅटरीकडे आणि दुसरे डायनामोच्या ‘डी’कडे असते. दोन्हीकडे सारखे व्होल्टेज असले की तो विझतो. पण ‘डी’ उलट दिशेने चढू लागले तर दोन्ही व्होल्टेजांची बेरीज दिव्यावर येते आणि तो प्रखर होतो. कटआउटच्या कॉइलला दिशेची पर्वा नसल्यामुळे ते संपर्क मिटवते, लगेच प्रचंड प्रवाह वाहू लागतो, संपर्क पुन्हा उघडतात आणि हेच चक्र चालू राहते. टिकटिक हा त्याचाच आवाज आहे. ट्रॅक्टर अशा स्थितीत चालवू नये, कारण संपर्क एकदा चिकटून बसले तर वायरिंग जळू शकते.

तिसरे उत्तर

अल्टरनेटरचा विचार निदान आज तरी बाजूला ठेवावा. डायनामोने उलटी बॅटरी सहन केली. अल्टरनेटरचे डायोड मात्र अशा चुकीने क्षणात जातात.

प्रश्नकर्ता

डायनामोची चाचणी घेतली. मीटरची काळी तार बॉडीला लावली असता आकडा वाढत 20पर्यंत गेला, पण त्याच्यापुढे उणे चिन्ह होते. बॅटरीचे ऋण टोक मीच बॉडीला जोडले होते. आता बॅटरी फिरवावी (म्हणजे तिची टोके उलट जोडावीत), की डायनामोची दिशा बदलावी?

दुसरे उत्तर देणारे

दोन्ही चालेल. मूळ रचना जपायची असेल तर बॅटरी फिरवणे सर्वांत सरळ. तिच्या केबल दोन्ही टोकांवर नीट बसतात एवढे पाहावे, कारण धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाड असते. डायनामोची दिशाच बदलायची असेल तर इंजिन बंद ठेवून ‘एफ’वरची वायर काढावी आणि बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकापासून घेतलेली तार ‘एफ’ टर्मिनलला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवावी. फील्ड कॉइलचे दुसरे टोक डायनामोच्या आतच बॉडीला जोडलेले असेल, तरच ही पद्धत लागू पडते. त्याखेरीज अँमीटरच्या वायरींची आणि पेट्रोल इंजिन असल्यास इग्निशन कॉइलच्या वायरींची अदलाबदल करावी लागेल. स्टार्टरला काही करावे लागत नाही, कारण सिरीज मोटार (जिच्यात फील्ड आणि आर्मेचर एकाच ओळीत जोडलेले असतात) दोन्ही जोडण्यांत त्याच दिशेने फिरते.

प्रश्नकर्ता

बॅटरी फिरवली. दिवा विझतो आणि इंजिन मध्यम वेगावर असताना बॅटरीवर 14 व्होल्ट मिळतात. कटआउटचे संपर्क मात्र काळे पडून खडबडीत झाले आहेत. ते घासावेत का?

पहिले उत्तर देणारे

आधी बॅटरीची केबल काढून ठेवावी. मग काचकागदाची बारीक पट्टी संपर्कांमधून हलक्या हाताने ओढावी आणि स्पिरिटने पुसून घ्यावे. कटआउटचे संपर्क मऊ धातूचे असल्यामुळे तेथे एमरी कागद वापरू नये. खड्डे खोल असतील तर मात्र रेग्युलेटरचा डबा बदलावाच लागेल.