मदत हवी आहे: लॅटिनमधलं लिंग ओळखायचं कसं?

मंडळी, बॉटनीच्या नावांमुळे लॅटिनच्या नादी लागलोय. विभक्ती फारशा जड गेल्या नाहीत. शाळेतलं संस्कृत कामी आलं, फक्त तृतीया आणि पंचमी दोन्हींची कामं तिथे अ‍ॅब्लेटिव्ह नावाच्या एकट्या विभक्तीवर पडतात.

घोडं अडलंय विशेषणांपाशी. लिंग, वचन, विभक्ती नामाप्रमाणे, हे कळलं. म्हणून चंदन 'सान्टालम आल्बम', आंबा 'मँगिफेरा इंडिका'. पण चिंच 'टॅमरिंडस इंडिका' कशी? '-उस' म्हणजे पुल्लिंग असं घोकलं होतं, मग 'इंडिकस' का नाही? पिंपळाचंही तेच, 'फायकस रिलिजिओसा'. झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी धरतात, असं नंतर वाचलं. म्हणजे शेवट बघून लिंग ठरवणं बादच! (संस्कृतात 'दार' म्हणजे बायको, आणि शब्द पुल्लिंगी. तसलाच प्रकार.)

आता खरा प्रश्न. 'सोलॅनम नायग्रम' जुळतं, मग वांगं 'सोलॅनम मेलोंजेना' का? 'मेलोंजेना' हे विशेषण नसून नामच असावं, असा माझा अंदाज. बरोबर आहे का? आणि जांभळाच्या 'सिझिजियम क्युमिनी'तलं 'क्युमिनी' षष्ठी ना?

शब्दाचं लिंग पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग असेल तर कृपया सांगा.