पन्नास दिवसांसाठी तीन वर्षांची बंदी? सांतोसचं काय चुकलं, किती चुकलं

ट्रॅकवेडा (धागाकर्ता):
परवा जुन्या शर्यती बघत बसलो होतो. २०१२, बार्सिलोना, जागतिक ज्युनिअर (म्हणजे वीस वर्षांखालची) स्पर्धा, मुलांची ४०० मीटर फायनल. डॉमिनिकन रिपब्लिकचा लुगेलिन सांतोस ४४.८५ सेकंदांत पहिला, अमेरिकेचा आर्मन हॉल ४५.३९ला दुसरा, ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन सॉलोमन तिसरा. ज्युनिअर पोराने ४५ सेकंदांच्या आत येणं म्हणजे काय, हे एकदा तरी पूर्ण फेरी जीव खाऊन पळालेल्यालाच कळेल. महिनाही झाला नाही तोच हा गडी लंडन ऑलिंपिकमध्ये ४४.४६ला रौप्य घेऊन गेला.

आता बार्सिलोनाचं सुवर्ण त्याचं राहिलेलं नाही. पासपोर्टवर जन्मतारीख १२ नोव्हेंबर १९९३ होती, खरी निघाली १२ नोव्हेंबर १९९२. २०२३मध्ये त्याने हे मान्य केलं, अ‍ॅथलेटिक्स इंटिग्रिटी युनिटने (अ‍ॅथलेटिक्समधली फसवणूक तपासणारी यंत्रणा) ते पदक काढलं आणि वर तीन वर्षांची बंदी घातली. त्या वर्षीचा नियम होता की १ जानेवारी १९९३ किंवा नंतरचा जन्म हवा. म्हणजे हा पात्रतेपेक्षा बरोब्बर पन्नास दिवसांनी मोठा. पदक काढलं ते ठीक. पण एकोणीस वर्षांच्या पोराच्या चुकीसाठी तिशीतल्या माणसाला तीन वर्षं घरी बसवायचं? मला तर हे मेलेल्या म्हशीला मण दूध वाटतं, फक्त उलट बाजूने.

पाचवी लेन:
म्हशीचं जाऊ द्या. तुम्ही किरानी जेम्सचं नाव का गाळलंत? लंडनला सांतोसच्या पुढे तोच होता, ४३.९४. त्याचा जन्म १ सप्टेंबर १९९२चा. खऱ्या तारखेने बघितलं तर सांतोसपेक्षा जेमतेम सव्वादोन महिन्यांनी मोठा. जेम्सने २०१०मध्ये माँक्टनला ज्युनिअर सुवर्ण घेतलं, २०११मध्ये देगूला मोठ्यांची जागतिक स्पर्धा जिंकली तेव्हा एकोणीस पूर्ण व्हायला दोन दिवस होते. पण २०१२ला तो बार्सिलोनात उतरूच शकत नव्हता, कारण जन्मसाल १९९२. ज्या वर्षामुळे एक जण बाहेर, त्याच वर्षाचा दुसरा आत जाऊन सुवर्ण घेतो. यात पन्नास दिवस कुठून आले?

ट्रॅकवेडा:
पटण्यासारखं आहे, पण मुद्दा तोच सिद्ध होतो ना! चारशेला अठरा-एकोणीसचा धावपटू तयारच असतो. वीस वर्षांखालचा जागतिक विक्रम आजही स्टीव्ह लुईसचा, ४३.८७, तोही १९८८च्या सोल ऑलिंपिक फायनलमधला, थेट सुवर्णपदकासकट. मग पन्नास दिवसांचा 'फायदा' सांतोसला मिळाला कुठे? लंडनला वयाची अट नव्हती, तिथेही तो दुसरा आलाच.

डिसेंबरची आई:
माझा मुलगा ३० डिसेंबरचा. चौदा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेल्या पोरांबरोबर पळतो. तीही त्याच वर्षाची, पण जवळजवळ वर्षभराने मोठी, आणि त्या वयात वर्ष म्हणजे वीतभर उंची. मी कधी तक्रार केली नाही, कारण रेघ कुठेतरी मारावीच लागते. पण त्या रेघेच्या पलीकडचा कोणी कागद बदलून अलीकडे आला, तर मला पन्नास दिवस मोजण्यात रस नाही. आर्मन हॉल फेब्रुवारी १९९४चा आहे. सांतोसपेक्षा सव्वा वर्षाने लहान. पोडियमवर मधल्या पायरीवर उभं राहायला मिळालं असतं ते त्याला अकरा वर्षांनी कोण देणार? सॉलोमनचं रौप्य? आणि चौथा आला तो तर हात हलवत घरी गेला. त्याच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

ट्रॅकवेडा:
ताई, चौथ्याचं खरंच लक्षात आलं नव्हतं. तेवढं मागे घेतो.

मांडीचा स्नायू:
एक व्यावहारिक मुद्दा. इथे लोक म्हणतील, हाडांची तपासणी करा. आपल्याकडे क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांचा मनगटाचा एक्स-रे काढतं. फिफा सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचं एमआरआय करते. पण ते त्या वयापुरतंच चालतं. अठरा-एकोणीसपर्यंत बहुतेक मुलग्यांच्या मनगटाची हाडं जुळून गेलेली असतात, आणि मुळातच या तपासण्या महिन्याचा हिशोब देत नाहीत. एकोणीस वर्षं आठ महिने की अठरा वर्षं आठ महिने, हे एक्स-रे सांगणार नाही. म्हणजे वीस वर्षांखालच्या गटात हातात राहतो फक्त कागद. आणि कागद हाच एकमेव पुरावा असेल तर तो बदलणाऱ्याला शिक्षा जबर हवी. माझं मत तीन वर्षं कमीच.

खो-खोवाला:
कागद कोणी बदलला पण? एकोणीस वर्षांचा पोरगा एकटाच जाऊन पासपोर्ट बनवून आणतो होय? आसपास घरचे असतात, प्रशिक्षक असतात, फॉर्म भरणारे असतात. सांतोसच्या देशात बेसबॉलचं वेड आहे, सोळाव्या वर्षी अमेरिकन क्लब करार करतात, त्यामुळे वय जितकं कमी तितका भाव जास्त. मिगेल तेहादासारख्या तिथल्या मोठ्या बेसबॉलपटूने २००८मध्ये कबूल केलं की तो सांगतो त्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. वय चोरणं हा तिथे एकट्या पोराचा बदमाशपणा नाही, गरिबीतून निघालेली वाट आहे. आणि आपण कोणत्या तोंडाने बोलतोय? तालुक्याच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या गटात दाढी करून आलेले मी पाहिलेत.

पाचवी लेन:
दाढीवाले मीही पाहिलेत. म्हणूनच म्हणतो, बंदी हवी. तालुक्याला कोणी पकडत नाही म्हणून जागतिक स्पर्धेतही सोडून द्या, हे कुठलं तर्कशास्त्र? गरिबीचं म्हणाल तर जेम्सही ग्रेनाडातल्या गुयाव्ह नावाच्या मच्छीमारांच्या गावचा. त्याला नव्हती का गरज?

खो-खोवाला:
सोडून द्या असं मी म्हटलं का? एकट्याला टांगू नका म्हणालो. बंदी धावपटूला, आणि फॉर्मवर सही करणारा पुढच्या वर्षी पुन्हा संघाबरोबर ब्लेझर घालून विमानात. हे मला टोचतं.

निवृत्त मास्तर:
उशिरा आलो. मंडळी, मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत होतो. आमच्या आधीच्या पिढीत दाखल्याला आलेल्या पोराची तारीख बापालाच ठाऊक नसायची. 'आखाजीच्या आसपास झाला, त्या साली विहिरीला पाणी लागलं,' एवढंच. गुरुजी १ जून टाकून मोकळे. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या वरचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेत की काय असं वाटावं. त्यात फसवणूक नव्हती, अडाणीपणा होता, थोडी सोय होती. सांतोसचं तसं नाही. दिवस तोच, महिना तोच, फक्त साल एकाने पुढे. हे विसरून होत नाही, कोणीतरी नियम वाचून केलेलं आहे. म्हणून माझं मत पाचवी लेनकडे. सही करणाऱ्याबद्दल मात्र खो-खोवाल्याचं शंभर टक्के बरोबर, दाखल्यावर सही माझी असायची तेव्हा रात्री झोप लागायची नाही.

ट्रॅकवेडा:
मास्तर, साल एकाने पुढे हे मी असं बघितलंच नव्हतं. ठीक, बंदीवरचा हट्ट सोडतो. पण लंडनचं रौप्य त्याच्याकडे राहिलं ते योग्यच, त्यावर मी हटणार नाही. तिथे वयाचा प्रश्नच नव्हता.

डिसेंबरची आई:
त्याला माझी हरकत नाही. ते त्याने पळून मिळवलंय.

मांडीचा स्नायू:
मास्तर, तुमची स्वतःची तारीख?

निवृत्त मास्तर:
१ जून! आई म्हणायची मी पोळ्याच्या दिवशी झालो. म्हणजे खात्याने मला तीन महिने आधीच ३१ मेला घरी पाठवलं. ते कुठल्या युनिटकडे मागायचे?